सांबरशिंगावरचा लेप

माझे दात आधी कसे होते ते सांगते. एस.टी. सुटायच्या वेळी दारात चढणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. कुणी आडवं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि एक सुळा तर अजून बाहेरच लटकलेला. तसे! सातवीपर्यंत मी तोंडावर हात ठेवून हसायचे. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायचे नाही. आता मी नववीत आहे. दात एका ओळीत आहेत, आणि या वर्षी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल आमच्या शाळेत माझ्यामुळे आली आहे. आता मला गप्प बसवणं कठीण आहे, असं अम्मी म्हणते.

फक्त एकदा मी गप्प बसले, नऊ दिवस. त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर मिरजेतलं, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतलं; पुढच्या खोलीतच आमचा कारखाना. दादा म्हणजे माझे आजोबा. आमच्यात वडिलांच्या वडिलांना दादा म्हणतात. तो माझा थोरला भाऊ नाही, हे मैत्रिणींना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. अब्बा भोपळे आणि दांड्या जोडतात, पॉलिश करतात. दादा फक्त जवारी लावायचे, म्हणजे तंबोऱ्याचा आवाज उघडायचे.

दातांना तारा बसवायच्या दिवशी अब्बांना लाकूड आणायला जायचं होतं, म्हणून माझ्याबरोबर दादा आले. डॉ. शलाका पाटण्यांच्या दवाखान्यात भिंतभर पडदा होता आणि त्यावर माझा जबडा गोल गोल फिरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पूर्वी याला दोन-अडीच वर्षं लागायची," डॉक्टर म्हणाल्या. "आता पाच महिने."

"का बरं?" दादांनी विचारलं. त्यांना कारण सांगितल्याशिवाय कुणी काही करू शकत नाही.

मग डॉक्टरांनी समजावलं. प्रत्येक दातावर एक ब्रॅकेट चिकटवतात. ब्रॅकेटला खाच असते, खाचेतून तार जाते. दात सरकायचा म्हणजे ब्रॅकेट त्या तारेवरून सरकायला हवं. पण तार खाचेला घासते, अडकते, आणि लावलेल्या जोरातला कधीकधी निम्मा जोर त्या घासण्यातच वाया जातो. शिवाय खाचेच्या कडेला अन्न अडकतं, तिथे जंतू वस्ती करतात, आणि शेवटी तारा काढल्या की दातांवर पांढरे डाग उरतात. आता त्यावर लेप निघाला होता. पॉलिमरचे रेणू, गवताच्या पात्यांसारखे दाटीनं उभे. प्रत्येक पात्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार, त्यामुळे ते पाण्याला घट्ट धरून ठेवतात. म्हणजे तार धातूवर घासतच नाही, पाण्याच्या थरावरून घसरत जाते. जंतूलाही धरायला काही मिळत नाही. पाण्यावर कुणी घर बांधेल का?

"खाच, तार आणि घासणं," दादा म्हणाले. "डॉक्टर, हे तर आमचंच काम. तुम्ही घासणं घालवता, आम्ही ते जपतो."

डॉक्टर हसल्या. त्यांना ते चेष्टेत म्हटल्यासारखं वाटलं. मलाही.

"आणि हा लेप टिकतो किती?"

"पंधरा दिवस. पात्यांची मुळं ब्रॅकेटला धरतात आणि दाताच्या खनिजातही रुततात. पण लाळेतलं एक एन्झाइम ते टाके हळूहळू उसवतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी एक कुपी तोंडात धरायची, एक मिनिट." मग माझ्याकडे बोट करून, "फक्त तोंडात हं. तो हाडालाही तेवढाच घट्ट बसतो. दात आणि हाड एकाच खनिजाचे."

ते वाक्य मी ऐकलं होतं. चांगलं लक्षात राहिलं होतं. तिथेच तर सगळं आलं.

*

दात पाच महिनेही न घेता चार महिन्यांत सरळ झाले. दोन कुप्या उरल्या, त्या मी दप्तरात टाकून ठेवल्या.

त्याच सुमारास गिरिजाक्कांचा तंबोरा आला. गिरिजाक्का बेळगावच्या, वय एक्क्याऐंशी. तंबोरा दादांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी केलेला. त्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची ती चपटी पट्टी जिच्यावरून तारा जातात, ती सांबरशिंगाची होती. आता सांबरशिंग मिळत नाही, कायद्यानं बंद आहे. अक्कांना उरसात दर्ग्याच्या आवारात गायचं होतं. "एवढं एक गाणं झालं की मी मोकळी," असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

दादांचा उजवा हात तेव्हा कंपवातानं दोन वर्षं थरथरत होता. सकाळी सातला गोळी घेतली की पावणेआठ ते पावणेनऊ एवढा एकच तास हात शांत राहायचा. त्या गोळीनं त्यांना दिवसभर मळमळायचं, तोंडाची चव जायची, पण त्या एका तासासाठी ते सगळं सोसायचे. रोज त्या तासात कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचे. मी समोर शाळेच्या गणवेशात चहात पाव बुडवत बसलेली.

"अल्फी, जवारी म्हणजे काय?"

"घोडीचा उतार."

"किती उतार?"

"दिसतो त्याच्यापेक्षा कमी."

"शाबास. आणि तार काय करते?"

"घोडीला टेकत नाही आणि सोडतही नाही."

तार छेडली की दर कंपनाला ती त्या उतारावर किंचित घासून जाते, सेकंदाला शेकडो वेळा. त्या घासण्यातून एका सुरातून दहा सूर फुटतात. उतार जास्त झाला तर तार मोकळी सुटते, नुसती टणटण. कमी झाला तर खरखर. मधला नेमका उतार डोळ्यांना दिसत नाही, मोजपट्टीला सापडत नाही. दादा दोनदा घासायचे, तार चढवायचे, छेडायचे, उतरवायचे, पुन्हा दोनदा घासायचे. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवायचा, तांदळाच्या दाण्याएवढा मागे-पुढे.

अकराव्या दिवशी मी बूट घालत होते आणि मागे तो आवाज झाला.

कसा सांगू? पितळी घंगाळात ऊन ओतल्यासारखा. मी एका पायात बूट तशीच उभी राहिले. अंगणातल्या अम्मीनं नळ बंद केला. चारही तारा वेगळ्या ऐकू येत नव्हत्या; मध्ये कुणीतरी पाचवंच माणूस गात होतं.

"झालं," दादा म्हणाले. "ही शेवटची."

मग त्यांनी तारा ढिल्या केल्या आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवली. आमच्या घरचा रिवाज आहे तो. जवारी लागली की तंबोरा झाकायचा. त्यानंतर पहिली तार ज्याचा त्यानंच छेडायची. घरच्या कुणी हात लावायचा नाही. आणि कारखान्यात फोन न्यायचा नाही हा दुसरा रिवाज, सगळ्यांचे फोन दारातल्या पत्र्याच्या डब्यात. त्यामुळे तो आवाज कुठेही साठवलेला नाही.

"आता किती वर्षं चालेल?" मी विचारलं.

"रोज वाजवला तर तीन वर्षं, चार. मग तारा शिंगाला खाच पाडतात, आवाज बसतो. परत घासावी लागते."

"कोण घासणार?"

दादांनी हाताकडे बघितलं. तास संपत आला होता, बोटं हलायला लागली होती. "ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार," ते म्हणाले. "त्यांना घासणं घालवता येतं ना."

ते चेष्टा करत होते. मी तो निरोप समजले.

*

विचार करा ना! शिंग म्हणजे हाडच. लेप हाडाला दाताइतकाच घट्ट बसतो. घासणं गेलं की तार खाच पाडणार नाही, खाच पडली नाही की दादांची जवारी कधीच उतरणार नाही. आणि तंबोऱ्याला लाळ थोडीच असते, म्हणजे लेपही कायमचा! मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की वर्गात शेजारच्या मुलीला चिमटा काढला. विज्ञान प्रदर्शनात मांडायचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

शुक्रवारी शाळा दुपारीच सुटली. दादा आणि अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले. अम्मी मावशीकडे. मी गवसणी काढली, ढिल्या तारा बाजूला सारल्या, आणि दोन्ही कुप्यांतला लेप कापसाच्या बोळ्यानं घोडीवर लावला. तीन हात दिले. ओल्या फडक्यानं पुसलं. शिंग असं चमकलं, जणू आत्ताच चाटलंय. दोरे होते तिथेच ठेवले, खुणेला खूण. गवसणी चढवली.

छेडून बघितलं नाही. रिवाज होता ना. त्या दुपारी मी तेवढा एकच पाळला.

रविवारी गिरिजाक्का आल्या. पांढरं नऊवारी, हातात काठी, आणि आवाज घरभर.

"काय हो बशीरभाई, केवढे वाळलाय! आणि ही कोण, अल्फिया? दात बघू. अगं बाई, मोत्यांची माळच की!"

मी सगळे दात दाखवून हसले.

अक्कांनी तंबोरा मांडीवर घेतला. तारा सुरात चढवल्या, डोळे मिटले आणि पंचमाची तार छेडली.

टुम्.

मग जोड. टुम्, टुम्. खर्ज. टुम्.

सूर अगदी बरोबर होते. गोड होते, गुळगुळीत होते, आणि कापसात गुंडाळल्यासारखे होते. पाचवं माणूस नव्हतंच. अक्कांनी डोळे उघडले नाहीत, पुन्हा छेडलं. दादा पुढे सरकले. दोरा मागे केला, पुढे केला, पार काढून टाकला. टुम्. त्यांनी भोपळ्याला कान लावला. हात थरथरत होता, म्हणून डाव्या हातानं उजवा धरला होता.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला काय ऐकू येतंय?"

अक्का साठ वर्षांची ओळख सांभाळून बोलल्या. "छान आहे की. जरा बंद वाटतोय एवढंच. प्रवासात हवा लागली की उघडेल."

"मी परवा लावली तेव्हा मला उघडा ऐकू आला होता," दादा म्हणाले. "अक्का, माझे कान गेले."

"अहो, काहीतरीच काय!"

"हात गेला तेव्हा कळलं होतं. हे कळलंच नाही. अकरा दिवस मी बहिऱ्यानं घासलं."

मी दारात उभी होते. वक्तृत्वाची ढाल मिळवलेली. तीनच शब्द होते: मी लेप लावला. जीभ दातांच्या मागे आली आणि तिथेच थांबली. अक्कांसमोर नको, अब्बांसमोर नको, आधी डॉक्टरांना विचारू, उपाय काढू, मग सांगू. मनातल्या मनात केवढं भाषण केलं मी. बाहेर एक अक्षर नाही.

अक्का तंबोरा ठेवून गेल्या. "सावकाश करा," म्हणाल्या. "मी उरसात तंबोऱ्याच्या मशीनवर भागवीन."

*

सोमवारी शाळा सुटल्यावर थेट दवाखाना. डॉ. पाटण्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, त्या घोडीवर पाण्याची गादी बसवलीस तू. हवेतलं बाष्प ओढून तो लेप फुगलाय. तार आता शिंगावर घासत नाही, गादीवर टेकते. बारीक सूर तिथेच जिरतात."

"उतरवायचं औषध असेल ना?"

"आहे. आम्लाचं. ते शिंगच खाईल." मग म्हणाल्या, "यात एवढं काय? केसाच्या शंभराव्या भागाएवढा थर आहे. दादांना सांग, एकदा कानस फिरवतील. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम होतं. फक्त आधी सांगायला हवं होतं.

मी काय केलं ते ऐका आणि हसा. लाळेत एन्झाइम असतं ना? मंगळवारपासून मी रोज शाळेतून आल्यावर कारखान्यात गुपचूप जायचे, कापसावर थुंकायचे आणि तो बोळा घोडीवर ठेवायचे. चिंच चघळायचे, लाळ जास्त यावी म्हणून. तोंडात पंधरा दिवस लागतात, तिथे अखंड ओल असते, ऊब असते. इथे कापूस तासाभरात वाळायचा. तरी मी थुंकत राहिले. थुंकणं सोपं होतं. बोलणं नव्हतं.

दादा त्या आठवड्यात कारखान्यात आलेच नाहीत. सकाळी अंगणात खुर्चीत बसायचे. मी म्हणायचे, "दादा, पावणेआठ झाले." ते म्हणायचे, "होऊ दे."

पुढच्या मंगळवारी सकाळी ते मोरीपाशी पडले. आधी मला वाटलं, भांडं पडलं.

मोठ्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी अब्बांना विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" अब्बांना माहीतच नव्हतं. घरी दादांच्या उशीच्या अभ्र्यात आठ गोळ्या सापडल्या, सोमवारपासूनच्या, रोजची एक.

"कशाला घेऊ?" दादा पलंगावरून म्हणाले. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, शब्द ओढून काढावे लागत होते. "त्या एका तासासाठी घेत होतो. तो तास आता कुणाला पाहिजे? बहिऱ्याच्या हाताला?"

तेव्हा माझं तोंड उघडलं. शुक्रवार, कुप्या, तीन हात, रविवार, थुंकी, चिंच, सगळं. अब्बांचा हात वर उठला आणि तसाच राहिला. दादा माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "त्या दिवशी आवाज उघडा होता?"

"होता. मी एका पायात बूट घालून उभी होते."

"म्हणजे कान आहेत?"

"आहेत, दादा."

ते हसले. ताठ झालेल्या चेहऱ्यानं जेवढं हसता येतं तेवढं. "इक्बाल," अब्बांना म्हणाले, "अरे, कान आहेत!" शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यालाही त्यांनी ते सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"रविवारपासून आज किती दिवस झाले, अल्फी?"

"नऊ."

"नऊ," ते म्हणाले. त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मळमळ परत आली. तास परत आला नाही. पावणेआठला आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत बसायचो. तो थोडा मंदावायचा, पण थांबायचा नाही. आजार पुढे सरकतोच, कधीतरी हे होणारच होतं, असं डॉक्टर म्हणाले. कधीतरी. पण त्या रविवारी तो तास होता; मी तेव्हाच बोलले असते तर सोमवारीही असता. पाच मिनिटं पुरली असती.

मग एका सकाळी दादांनी कानस माझ्याकडे सरकवली.

"घास."

"मी? दादा, मी नाही. मी आधीच..."

"तू घातलास तो लेप. काढणार कोण, ती डॉक्टरीणबाई? दोनदा घास आणि थांब."

लेप पहिल्या दोन हातांतच गेला. आणि त्याबरोबर दादांचा उतारही गेला. केसाच्या शंभराव्या भागासाठी माझ्या हातानं चार केस उडवले. मग चार महिने, रोज शाळेच्या आधी, मी घासायचे, तार चढवायचे, छेडायचे आणि दादांकडे बघायचे.

"खरखर."

"आता?"

"आता टणटण. भाषण करतेस तशी घासतेस तू. घाई."

"आता?"

"थांब. ऐकू दे. नाही, तू ऐक. काय कमी आहे?"

"पंचम लवकर विझतो."

"मग मला काय विचारतेस? उठ, उतरव."

उरसात अक्का गायल्या. गवयाच्या गळ्यावर कान ठेवून स्वतःच सूर लावणारं नवं सूरयंत्र शेजारी होतं. लोक म्हणाले, काय गायल्या! आम्ही दोघं मागे बसलो होतो. ते यंत्र कुठेच चुकलं नाही. दादा मान खाली घालून बोटानं चटईची काडी मोडत होते.

मार्गशीर्षात अक्का गेल्या. तेव्हा तंबोरा जवळपास आला होता. जवळपासच. पाचवं माणूस दारापर्यंत यायचं, आत यायचं नाही.

जानेवारीत अक्कांचा भाचा तंबोरा न्यायला आला. प्रसन्न नाव, पुण्यात नोकरी, चांगला माणूस. दादांनी गवसणी काढायला लावली आणि म्हणाले, "आता हा तुमचा. पहिली तार तुम्ही छेडायची."

"मला नाही हो येत काही. हॉलमध्ये ठेवणार आहे, मावशीची आठवण म्हणून." तरी त्यानं बोट फिरवलं, दारावरची बेल वाजवावी तसं. आवाज खोलीत फिरला आणि विझला. पंचम आधी.

"वा! एकदम स्मूथ," तो म्हणाला. "पूर्वीसारखा झाला ना?"

त्यानं दादांना विचारलं होतं. दादांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "दादांनी पूर्वीसारखा केला होता. तो मी घालवला. हा माझ्या हातचा आहे. यात कमी आहे."

तो हसला. "मला तर छान वाटतोय."

"तुम्हाला वाटेल," दादा म्हणाले. "तिला नाही वाटत."

तो गेला. रिक्षाच्या मागच्या काचेतून गवसणीचं टोक दिसत होतं, वळणापर्यंत. मी कारखान्यात परत आले तर दादा माझ्या जागेवर बसले होते. तारा न चढवलेल्या एका हाडाच्या घोडीवर कानस टेकवून त्यांनी हात तसाच ठेवला होता, आणि तो थरथरत होता म्हणून कानस हाडावर टकटक करत होती, बारीक, न थांबता. ते ऐकत होते.

मी समोर बसले. बोलायला पुष्कळ होतं. ते बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "ऐक."